पडद्यावर अकरा होतं

तुम्हाला ठाऊक होतं.

चौकशी समितीच्या तिन्ही सन्माननीय सदस्यांनो, उगाच एकमेकांच्या तोंडाकडे बघू नका. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी तो कागद तुमच्या टेबलावर होता. तुमच्या सचिवानं तो घेतला, तुम्ही तिघांनी वाचला आणि सहाव्या दिवशी परत पाठवला. कोपऱ्यात एक ओळ होती: ‘विचारलेल्या प्रश्नांपुरतीच उत्तरे द्यावीत.’ ओळ पेन्सिलीनं लिहिलीत, म्हणजे खोडता येते. तेवढी अक्कल होती तुम्हाला. मग साक्षी संपायच्या आधीच शाईनं अहवालात लिहिलंत की क्रेनचालकाने वाऱ्याच्या आकड्याकडे दुर्लक्ष केले, व्यवस्थेने आराखड्यानुसार काम केले, मनुष्यहानी चालकाच्या हलगर्जीपणामुळे झाली.

ज्या बाईनं तो कागद आणून दिला, तिची गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. न विचारताच ऐका.

बंदरात तिला सगळे टपालबाई म्हणत. तिनं कधी टपाल वाटलं नव्हतं. धक्क्यावर बारा मजली उंचीच्या नऊ क्रेन होत्या आणि प्रत्येक क्रेनच्या अंगात चाळीसेक छोटे संगणक बसवलेले होते. कुणी वारा मोजी, कुणी दोराचा ताण, कुणी रुळावरच्या चाकांची जागा. हे सगळे एकमेकांशी सेकंदाला हजारो निरोपांनी बोलत, आणि त्या निरोपांना ने-आण करणारा मधला थर तिनं सहा वर्षं खपून लिहिला होता. वर चालकाचा पडदा, खाली लोखंड आणि तारा, आणि मध्ये ती. कुणाला दिसत नसे असं काम. नीट चाललं तर कुणी नाव घेणार नाही, आणि बिघडलं तर तिच्या नावाशिवाय दुसरं नाव निघणार नाही.

नव्या माणसाला ती एकच गोष्ट शिकवी. ‘इथं उशिरा आलेलं खरं हे खोटंच समजायचं. आकडा कितीही बरोबर असू दे, वेळेत पोचला नाही तर तो चुकला.’

पुस्तकात असल्या रचनांना भारी भारी नावं असतात. तिनं आणि वाऱ्यानं मिळून त्यांना माणसांची नावं देऊन टाकली होती. वाऱ्या म्हणजे क्रेनच्या टोकावर चढून वारा मोजायच्या वाट्या साफ करणारा, पन्नाशीतला, सडपातळ, तोंडाचा फाटका. तो म्हणे, ‘यंत्राला माणसाचं नाव दिलं की ते काय लबाडी करणार हे आधीच कळतं.’ म्हणून निरोप पोचवणारा तो टपाल्या. कुणी पाठवलं, का पाठवलं, त्याला देणंघेणं नाही. ज्यानं मागून ठेवलंय त्याच्या दारात टाकायचं आणि पुढं जायचं. त्याच्यावर मुकादम. तारांमधून किती गर्दी चाललीय यावर मुकादमाची सतत नजर. गर्दी वाढली की कुणाला पुढं काढायचं, कुणाला थांबवायचं, कुणाचे दहातले नऊ निरोप सरळ फेकून द्यायचे, हे तो ठरवी. त्याच्या हातात एक तक्ता होता. धोक्याचं बटण आणि दोराचा ताण पहिल्या वर्गात, वारा आणि चाकं दुसऱ्यात, कॅमेऱ्यांची चित्रं तिसऱ्यात. परिस्थिती पाहून स्वतःला बदलून घेणं हा मुकादमाचा मोठा गुण. बंदराच्या माहितीपत्रकात तो गुण रंगीत अक्षरांत छापलेला होता.

आणि तिसरा, बदली.

बदली चालकाच्या पडद्यामागं बसे. वाऱ्याचा निरोप यायला उशीर झाला, तर पडदा कोरा राहू नये म्हणून तो आधीचा आकडा दाखवत राही. कामावर न आलेल्या माणसाच्या जागी उभा राहणाऱ्यासारखा. मात्र आकडा दोन सेकंदांपेक्षा जुना झाला की तो पिवळा करायचा, अशी तिनं बदलीला शिस्त लावली होती. पिवळा म्हणजे शिळा. पिवळा दिसला की हात थांबवायचा.

या पिवळ्यावरून पहिलं भांडण झालं ते घरी, जेवताना.

तिचा दीर त्याच बंदरात चार नंबरच्या क्रेनवर चालक होता. बावीस वर्षं वर बसलेला माणूस. तिचा नवरा बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात. त्यामुळं घरात ती, भावजी आणि जाऊबाई असे तिघंच. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या, स्वयंपाकघर एक.

‘काय गं टपालबाई,’ भावजी म्हणाले, ‘तुझ्या पडद्याला कावीळ झालीय का?’

‘का? काय झालं?’

‘दर दोन मिनिटांनी पिवळा होतो. बाहेर वारा पान हलवीना आणि हा पिवळा! मी काय वर बसून लिंबं विकतोय?’

‘भावजी, दोन सेकंदांपेक्षा जुना आकडा असला की होतो तो. तुम्हाला कळावं म्हणून.’

‘दोन सेकंदांत काय शिळं होतं गं? तुझी जाऊ मला परवाची भाजी वाढते, ती कधी पिवळी झाली नाही.’

‘झाली होती,’ जाऊबाई म्हणाल्या, ‘तुम्ही बघून कुठं जेवता?’

तिघंही हसले. ते हसणं तिला नंतर पुष्कळदा ऐकू आलं.

पुढच्याच महिन्यात नऊही क्रेनच्या चालकांनी सह्या करून अर्ज दिला. पिवळ्या रंगानं लक्ष विचलित होतं, कामाचा खोळंबा होतो. पहिली सही भावजींची. तिनं आठवडाभर मोजून पाहिलं. वाऱ्याचा निरोप दुसऱ्या वर्गात होता. कितीही गर्दी झाली तरी चार सेकंदांच्या आत पोचत होता. तेव्हा दोनाचे पंधरा केले तरी धोका नव्हता. तिनं कारणं लिहिली, मंजुरी घेतली आणि दोनाचे पंधरा केले. पडदा शांत झाला. त्या रात्री भावजींनी तिच्या ताटात आपल्या हातानं वाढलं आणि म्हणाले, ‘डॉक्टरीणबाई, कावीळ उतरली.’

तिचं गणित बरोबर होतं. वारा दुसऱ्या वर्गात राहील तोवर आजही बरोबर आहे.

आठ महिने गेले.

त्या दिवशी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी तिच्या टेबलावरचा फोन वाजला. वरच्या मजल्यावरचे साहेब होते. त्यांचा आवाज सगळ्या बंदराला पाठ. तीन वाजता पाहुणे येणार होते, बाहेरून, मोठे, बंदर पाहायला.

‘बाई, मोठ्या भिंतीवर नऊही क्रेनचे कॅमेरे एकदम दिसले पाहिजेत. स्वच्छ. परवा अडखळत होते, लाज गेली माझी.’

‘कॅमेरे तिसऱ्या वर्गात आहेत, साहेब. गर्दी झाली की अडखळणारच ते.’

‘मग पहिल्यात घाला.’

‘बाकीच्यांना ढकलल्यासारखं होईल. लेखी द्याल का?’

‘तासाभराचं काम आहे हो. पाहुणे गेले की होतं तसं करा. एवढंही तुमच्या त्या यंत्राला जमत नसेल तर कसली आली हुशार व्यवस्था?’

फोन ठेवला गेला. तिनं तक्ता उघडला. कॅमेऱ्यांपुढं तीन होतं, तिथं एक टाइप केलं. सवयीनं मुकादमाला विचारलं, याचा बाकीच्यांवर काय परिणाम? मुकादमानं प्रामाणिकपणे सांगितलं: वाऱ्याचा निरोप बारा सेकंदांपर्यंत लांबू शकेल.

बारा हा आकडा तिनं पाहिला. वाचला. आणि तिच्या मनानं लगेच उत्तर दिलं: हरकत नाही, दोन सेकंदांनी पडदा पिवळा होईल, चालक थांबेल.

दोन सेकंद. आठ महिन्यांपूर्वी तिनं स्वतःच्या हातानं दोनाचे पंधरा केले होते आणि डोक्यातला आकडा दोनच राहिला होता. सहा वर्षं तिथं दोन होतं. नवीन आकडा आठवायला अर्धा क्षण लागला असता, तेवढ्यात डोक्यातल्या बदलीनं जुना पुढं केला. पिवळासुद्धा न करता.

तिनं ‘लागू करा’ दाबलं. दोन वाजून चव्वेचाळीस मिनिटं झाली होती.

चार नंबरच्या क्रेनखाली त्या वेळी जे काम चालू होतं, ते असं: मालाच्या डब्यांच्या, म्हणजे कंटेनरच्या, चार कोपऱ्यांत लोखंडी कुलपं असतात, ती डबा टेकायच्या आधी खालच्या माणसानं काढायची. सगळे त्याला कुलूपवाला म्हणत. शिट्टी वाजवत काम करायचा. सूर कशाचाच नसे.

तीन वाजून सव्वीस मिनिटांनी समुद्राकडून एक झोत आला. सेकंदाला अठरा मीटरच्या वर वारा गेला की काम थांबवायचं असा नियम. तीसच्या वर ब्रेक आपोआप लागतात. मधलं सगळं चालकाच्या नजरेवर. क्रेनच्या टोकावरच्या वाट्यांनी तेवीस मोजलं. आकडा वेळेवर निघाला. मध्ये मुकादमानं त्याला थांबवलं, कारण भिंतीवर नऊ कॅमेऱ्यांची चित्रं स्वच्छ चालली होती. भावजींच्या पडद्यावर अकरा होतं. पांढऱ्या, ठळक, निरोगी आकड्यात अकरा. बारा मजल्यांवर केबिन नेहमीच हलते, अंगाच्या अंदाजावर जाऊ नये म्हणून तर आकडा बघायचा. भावजींनी आकडा बघितला आणि डबा खाली सोडायला लागले. झोतानं सबंध क्रेन रुळावर हातभर सरकवली. डबा झुलला. कुलूपवाला डबा आणि ट्रेलर यांच्या मध्ये होता.

भिंतीवर ते स्वच्छ दिसलं. अजिबात न अडखळता. पाहुण्यांना खुर्च्यांवरून उठवून दुसऱ्या दालनात नेलं.

त्या संध्याकाळी ती चार नंबरच्या क्रेनवर चढली आणि बदलीची आठवण काढून आणली. बदली काय काय दाखवत होता, ते क्रेन थांबण्याआधीचे शेवटचे हजार आकडे त्याच्याजवळ असतात. वीज तोडली की पुसले जातात. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपले चालत होते. छापल्यावर एका पानात मावलं. अर्ध्या सेकंदाला एक आकडा. ११, ११, ११, ११. सलग तेवीस वेळा अकरा आणि मग एकदम २३. तिनं मोजले, पुन्हा मोजले. काही वाटेना. कागद खणात ठेवला, बेसिनपाशी जाऊन कप धुतला. कप आधीच धुतलेला होता.

तिला रडू आलं नाही. त्या दिवशी नाही, दहाव्या दिवशी नाही. ती जेवे, झोपे, वेळेवर कामावर जाई. कुणी काही बोललं तर ते ऐकू येई, पण जरा उशिरानं, मधल्या कुठल्या तरी थरात अडकून आल्यासारखं, आणि पोचेपर्यंत बोलणारा निघून गेलेला असे. नवऱ्याचा बोटीवरून फोन आला, ‘तू बरी आहेस ना?’ ती म्हणाली, ‘हो.’ ते ‘हो’सुद्धा तिच्यातला बदलीच बोलला.

तिसऱ्या दिवशी ती कागद घेऊन तुमच्याकडं आली. लांब टेबल, तीन खुर्च्या, पाण्याच्या तांब्यावर जाळीचं झाकण. तुम्ही सात प्रश्न छापून ठेवले होते. चौथा होता: व्यवस्थेने आराखड्यानुसार काम केले का?

‘होय,’ ती म्हणाली, ‘पण...’

‘होय पुरे,’ मधल्या खुर्चीवरचे गृहस्थ म्हणाले.

‘पडद्यावर काय दिसत होतं ते मी आणलंय.’

‘वारा मोजणाऱ्या यंत्राची नोंद आमच्याकडे आहे. तेवीस. त्यात शंका आहे का तुम्हाला?’

‘नाही. तेवीसच होता.’

‘मग झालं तर.’

तिनं कागद सचिवाच्या हातात दिला. तो त्यानं दोन बोटांनी धरला, ओला असल्यासारखा.

खाली धक्क्यावर वाऱ्या तिची वाट बघत उभा होता. त्याच्या हातात वाट्या पुसायचा फडका होता आणि तो पिळत होता, कोरडाच.

‘काय म्हणाली त्रिमूर्ती?’

‘तेवीस होता का विचारलं.’

‘होताच तेवीस! पंधरा वर्षं त्या वाट्यांवरची कबुतरांची घाण काढतोय मी. एकदा खोटं बोलल्या नाहीत. आणि आता माझ्याच वाट्या साक्षीला उभ्या केल्यात तुझ्या दिराविरुद्ध.’ तो थुंकला. ‘खरं बोलून गळा कापायचा म्हणजे असा. तू सांगितलंस का, फोन कुणी केला ते?’

‘त्यांनी विचारलं नाही.’

‘त्यांनी विचारलं नाही म्हणे! बाई, तू पण अगदी तुझ्या यंत्रासारखी झालीस. मागितलं तेवढंच देते.’

हे तिला ऐकू आलं. लगेच आलं. पण तिनं मान हलवली आणि ती गेली.

घरात काय चाललं होतं, ते तुमच्या अहवालात नाही.

भावजी खिडकीपाशी स्टुलावर बसून असत. दाढी वाढलेली, उजवा हात मांडीवर अर्धवट मिटलेला, दांडा धरल्यासारखा. पहिले सहा-सात दिवस ते एकच बोलत. ‘पडद्यावर अकरा होतं.’ भाजी निवडणाऱ्या जाऊबाईंना सांगत, दूधवाल्याला सांगत. जाऊबाई म्हणत, ‘हो हो, होतं. दोन घास खा बघू.’ लहान मुलाला समजावल्यासारखं. आणि मग ओट्याशी येऊन हळूच तिला विचारत, ‘अगं, खरंच अकरा दिसत होतं का? तुला कळतं ना यातलं?’

‘चौकशी चालू आहे, जाऊबाई. बोलायला बंदी आहे.’

‘घरात सुद्धा?’

‘घरात सुद्धा.’

बंदी होती हे खरं. पण ती गप्प होती ते बंदीमुळं नव्हे. कागद दाखवला असता तर भावजींनी पुढचा प्रश्न विचारला असता: अकरा शिळं होतं तर पिवळं का नाही झालं? त्या प्रश्नाचं उत्तर अर्धं तिच्याकडं होतं आणि अर्धं त्यांच्याकडंच. स्वयंपाकघरातल्या त्या हसण्याकडं.

आठव्या दिवशी भावजी उठले, स्वच्छ शर्ट घातला आणि कुलूपवाल्याच्या घरी गेले. कुणाला सांगितलं नाही. परत आल्यावर जाऊबाईंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, ‘त्याच्या बायकोनं विचारलं, तुम्ही बघितलं नाही का? मी म्हटलं, बघितलं.’

त्यानंतर ते अकराबद्दल बोलायचे बंद झाले.

एकोणिसाव्या दिवशी बंदरातून एक टाइप केलेला जबाब आला. उद्या समितीपुढं भावजींनी सही करायची. वाऱ्याचा आकडा तेवीस असल्याचे मला दिसले होते, तरीही मी काम चालू ठेवले. सही केली तर प्रकरण पुढं न्यायचं नाही, क्रेनवरून मात्र कायमचं उतरायचं. जबाब घेऊन आलेला माणूस फार सभ्य होता. जाताना चपला त्यानं आवाज न करता घातल्या.

तिघं जेवायला बसली. दिवस अजून मावळला नव्हता; हल्ली या घरात लवकर जेवत, लवकर उठावं म्हणून नव्हे, दिवस लवकर संपावा म्हणून.

भावजी म्हणाले, ‘करून टाकतो सही.’

‘खोटं का लिहून द्यायचं?’ जाऊबाईंचा आवाज चढला. ‘तुम्हीच सांगत होता ना अकरा होतं?’

‘तेवीसच असेल.’

‘असेल म्हणजे?’

‘अगं, एवढी शिकलेली माणसं सांगतात. यंत्रात लिहिलंय. मला आता डोळे मिटले की तेवीसच दिसतं. पांढऱ्या आकड्यात, स्वच्छ. मीच डोळे उघडे ठेवून त्याला...’ ते थांबले. ‘बावीस वर्षं बसलो वर. डोकं कधी सरकलं कळलंच नाही.’

टपालबाईनं हातातला घास ताटात ठेवला.

एका माणसाच्या डोळ्यांनी पाहिलेला खरा आकडा त्याच्या डोक्यातून काढून तिथं दुसरा बसवला गेला होता. एकोणीस दिवसांत. कुणी मारलं नाही, धमकावलं नाही. नुसता एक निरोप थांबवून ठेवला होता. आणि थांबवून ठेवणाऱ्यांत ती होती. मुकादमाला निदान लाज नसते.

ती वर गेली, कागद घेऊन खाली आली आणि भावजींच्या ताटाशेजारी ठेवला.

‘हे तुमच्या पडद्यावरचं आहे. त्या दिवशीचं. तीन सव्वीसचं.’

भावजींनी चष्मा शोधला. बोट ठेवून वाचायला लागले, एकेक. जाऊबाई त्यांच्या खांद्यावरून वाकल्या. बोट हळूहळू सरकत होतं. अकरा. अकरा. अकरा. एकही न गाळता ते तेविसाव्या अकरापर्यंत गेले आणि तिथं बोट थांबलं.

‘होतं,’ ते म्हणाले.

‘होतं, भावजी.’

‘मला वेड नाही लागलं.’

‘नाही.’

जाऊबाईंनी डोळ्याला पदर लावला. भावजींनी चष्मा काढला, पुन्हा घातला. मग अगदी शांतपणे विचारलं, ‘हा कागद तुझ्याकडं कधीपासून आहे?’

‘त्याच संध्याकाळपासून.’

‘म्हणजे एकोणीस दिवस.’

‘हो.’

जाऊबाई ताठ झाल्या. ‘एकोणीस दिवस तू माझ्या हातचं जेवतेयस,’ त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. ‘माणूस समोर झिजत होता, आणि तू आपली ताट धुऊन वर जात होतीस?’

तिनं सगळं सांगितलं. फोन, दोन चाळीस, तिनाचं एक, मुकादमानं दाखवलेले बारा. आणि दोनाचे पंधरा. ती एका सुरात सांगत राहिली, चढउतार नाही. स्वतःबद्दल सांगतेय की दुसऱ्या कुणाबद्दल, हे ऐकणाऱ्याला कळलं नसतं.

‘पिवळा असता तर मी थांबलो असतो,’ भावजी म्हणाले.

‘हो.’

‘आणि पिवळा मी काढायला लावला.’

‘अर्ज तुमचा होता. काढला मी. आणि विसरलेही मीच.’

भाजीवर साय धरल्यासारखं झालं. शेवटी भावजींनी कागदाची घडी घातली, तिच्या हातात दिली आणि म्हणाले, ‘उद्या माझ्याबरोबर चल. पण गप्प बसायचं असेल तर येऊ नकोस.’

जाऊबाईंनी तिचं ताट उचललं. वाढलंही नाही, फेकलंही नाही. झाकून ठेवलं.

विसाव्या दिवशी तुम्ही तिघं त्याच खुर्च्यांवर होता. तांब्यावर तीच जाळी. कोपऱ्यातल्या खुर्चीत वरच्या मजल्यावरचे साहेब, पायावर पाय टाकून, केवळ निरीक्षक म्हणून. भावजींपुढं जबाब सरकवला, वर पेन ठेवलं. त्यांनी पेनाला हात लावला नाही.

‘पडद्यावर अकरा होतं,’ ते म्हणाले.

‘हे मागंच झालंय,’ मधले गृहस्थ म्हणाले. ‘तांत्रिक साक्षीदारांनी चौथ्या प्रश्नाला होय लिहिलंय.’

‘मला तो प्रश्न पुन्हा द्या,’ टपालबाई म्हणाली.

उजवीकडच्या गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. ‘उत्तर बदलणार आहात का?’

‘नाही.’

मग द्यायला काय हरकत, असं तुम्हाला वाटलं. दिलात. तिनं भावजींच्या जबाबावरचं पेन उचललं आणि चौथ्या प्रश्नापुढं पुन्हा लिहिलं, होय. त्याखाली लिहीत गेली. दोन सेकंदांचे पंधरा मी केले. मी विसरले. कॅमेऱ्यांपुढचं तीन काढून एक मी लिहिलं. आराखडा तसा झाला होता आणि व्यवस्थेनं त्याप्रमाणे काम केलं. तिनं सही केली, वेळ टाकली. मग बदलीचा कागद त्याला टाचला, तुमच्या पेन्सिलीची ओळ वर येईल असा. ती ओळ तिनं खोडली नव्हती. तुमच्या एकाही अक्षरावरून तिनं शाई फिरवली नव्हती. जशी होती तशी.

‘सात प्रश्न तुमचे झाले,’ ती म्हणाली. ‘आठवा माझा.’

‘साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची तरतूद नाही.’

‘ठाऊक आहे.’

कोपऱ्यातल्या साहेबांनी पायावरचा पाय खाली घेतला.

तिचा आवाज आजही सपाट होता. बधिरपणा गेला नव्हता. तो घेऊनच ती बसली होती. मनात आलं, तो वाऱ्या खरं बोलला, विचारल्याशिवाय मी काही देत नव्हते. आता विचारायची पाळी माझी.

‘माझ्या टेबलावरच्या फोनची नोंद टेलिफोनच्या खोलीत असते. त्या दिवशी दोन वाजून चाळीस मिनिटांनी कुणाच्या टेबलावरून फोन आला? नोंद मागवा. आणि हा कागद वाचून परत पाठवा असं तुमच्यातल्या कुणी सांगितलं? सचिवाचं अक्षर नाही हे. कुलूपवाल्याच्या बायकोनं भावजींना विचारलं, बघितलं नाही का. ह्यांनी तोंडावर सांगितलं, बघितलं. आता मी तुम्हाला विचारते. तुम्ही बघितलं नाहीत का?’

सचिवानं पेन्सिल हळूच टेबलाखाली घेतली.

भावजी खुर्चीत बसले होते, उजवा हात मांडीवर, उघडा. ती उठली नाही.

अर्ध्या सेकंदाला एक, असे ती आकडे मोजत होती. तेवीस झाले. चाळीस झाले. शंभर झाले. तुमच्यापैकी कुणी बोललं नाही. सन्माननीय सदस्यांनो, उशिरा आलेलं उत्तर ती खोटं समजते, हे तुम्हाला आता ठाऊक आहे. ती अजून त्याच खुर्चीत बसलीय आणि मोजतेय.

फोन कुणी केला? कागद कुणी परत पाठवला?

उत्तर द्या.